भाजीला छप्पर हवं, शटर नको

बडोद्यात भाजीसाठी बांधायला घेतलेल्या सगळ्यात देखण्या इमारतीत भाजी कधी शिरलीच नाही. लहेरीपुऱ्याजवळचं न्यायमंदिर बघा. लक्ष्मीविलास पॅलेस पुरा करणाऱ्या रॉबर्ट चिझमने ते उभारलं, १८९६ साली. मुळात ती मंडई व्हायची होती. पण झाल्यावर ती इतकी भपकेदार दिसली की तिथे वांगी-दुधी विकायचं कुणाच्या जिवावर येईना, आणि वास्तू न्यायालयाला दिली गेली. शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे दावे चालले. २०१८ मध्ये कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं. भाजीवाल्या बेन तेव्हाही बाहेर फुटपाथवर होत्या, आजही आहेत.

दुसरं उदाहरण खंडेराव मार्केटचं. सयाजीरावांनी १९०६च्या सुमारास बांधलं, नाव दिलं खंडेराव महाराजांचं. दर्शनी भागात महानगरपालिकेची कचेरी बसते आणि भाजी-फुलांचा बाजार मागे. नावात 'मार्केट', दारात साहेबांच्या गाड्या. बाजाराच्या नावाने इमारत उभी करायची आणि बाजाराने तिच्या पाठीमागे बसायचं, हे आपल्या शहरात तसं जुनंच आहे. निदान त्या दोन्ही इमारती बघण्यासारख्या तरी आहेत. पुढच्यांबद्दल तेही म्हणता येत नाही.

पुढच्या म्हणजे माझ्या. मी अठ्ठावीस वर्षं एका खासगी कचेरीत ड्राफ्ट्समनचं काम केलं. आधी ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनने, मग ऑटोकॅडवर. 'शॉपिंग सेंटर कम शाकमार्केट' या मथळ्याचे नकाशे मी किती काढले असतील याची मोजदाद नाही. सगळ्यांचा साचा एकच. दहा बाय बाराचे गाळे, प्रत्येकाला रोलिंग शटर, मधून सहा फुटांचा बोळ, कोपऱ्यात जिना, वर तसाच आणखी एक मजला, त्यावर स्लॅब. तळमजल्यावर भाजी बसेल आणि वरच्या मजल्याच्या लिलावातून खर्च निघेल, असा त्यामागचा हिशेब असे. घडायचं मात्र भलतंच. भाजीची पिशवी घेऊन कुणी जिना चढत नाही, त्यामुळे वरचे गाळे रिकामे राहतात किंवा गोदाम होतात. खालचा गाळा भाजीवालीला परवडत नाही, तो मोबाइल कव्हरवाल्याकडे जातो. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप, त्या पुन्हा शटरसमोरच्या पायरीवर पाथरणं टाकून बसतात आणि मग अतिक्रमणवाले येऊन त्यांचे तराजू उचलतात. अशा एका मार्केटच्या पायरीवरून मी अजून कोथिंबीर घेते. नकाशा माझ्याच हातचा. त्या पायरीची उंची सहा इंच, हेही मला पाठ आहे.

तर माझं म्हणणं असं: या शहरात वस्तीसाठी जी नवी मार्केटं होतील, ती काँक्रीटच्या गाळ्यांची नकोत, लाकडी सांगाड्याच्या उघड्या मांडवासारखी हवीत. दगडी जोतं, लाकडी खांब, तुळया, छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी कैच्या, वर कौलं, आणि भिंत एकही नाही. हे जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. जुन्या गोष्टींचं मला प्रेम आहे, ते पुढे दिसेलच, पण मुद्दा वेगळा आहे. काँक्रीट हाताशी आलं की आपण त्याचा गाळाच करतो. स्लॅब ओतलाच आहे तर वर मजला चढवा, कॉलम उभेच आहेत तर मधे वीट भरा, वीट भरलीच तर शटर लावा. लाकडी सांगाड्यात एवढा लोभ सुटत नाही. तो जागा झाकतो आणि थांबतो. भाजीबाजाराला नेमकं तेवढंच लागतं.

बाजाराला काय लागतं हे पाहायला वास्तुशास्त्र शिकावं लागत नाही, मंगळबाजाराच्या मागे सकाळी सात वाजता उभं राहिलं की पुरे. डोक्यावर सावली. पाणी शिंपडलेला माल सुकू नये इतपत वारा, पण ऊन नको. ओटा असा की बसणारीचा हात आणि उभ्या गिऱ्हाइकाचा हात मधे कुठेतरी भेटावेत. लारी, म्हणजे हातगाडी, आत येईल एवढी वाट. टोपली टेकायला, पिशवी अडकवायला, पाठ टेकवायला एक खांब. रात्री झाडून काढलं की दुसऱ्या दिवशी तीच जागा दुसऱ्या कामाला मोकळी. नवरात्रात गरबा, गणपतीत मांडव, निवडणुकीत सभा. गाळ्यात यातलं काहीच होत नाही. गाळ्यात शटर पाडता येतं, आणि भाजी विकणारीला शटर काय करायचं? तिचा माल रात्री उरतच नाही. उरला तर तिचा दिवस वाईट गेला.

मांडवी हा शब्द बघा. आपल्या शहराच्या मधोमध जी उभी आहे ती. मांडव म्हणजे खांबांवर धरलेलं छप्पर, मांडवी म्हणजे जकातीचं, व्यापाराचं ठिकाण. आपल्या भाषेला बाजार आणि खांबांवरचं छप्पर यांचं नातं फार पूर्वीपासून ठाऊक आहे. विसरलो ते आम्ही नकाशे काढणारे.

आता लाकडाकडे येते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

माझं माहेर दांडिया बाजारच्या एका खांच्यात, म्हणजे बोळात, होतं. तीन मजली वाडा, चौकाचा. तांबेकर वाड्याच्या थाटाचा मुळीच नव्हे. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा एकेकाळच्या दिवाणांचा, भिंतींवर चित्रं, आज पुरातत्त्व खात्याकडे. आमचा वाडा कारकुनांचा. पण हाडं तीच: सागाचे खांब, खाली बैठकीला दगडी उथळी, वर तुळई पेलणारे हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कडीपाटाचं लाकडी छत. भावकीत वाटण्या झाल्या आणि वाडा पाडायचं ठरलं, तेव्हा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याची माणसं आली. मला वाटलं होतं घण येतील. आले दोन सुतार, पंचावन्न-साठीचे, एक सुरतेकडचा आणि एक इथलाच. त्यांनी पहिला दिवस नुसतं बघण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी एका लाकडी मोगरीने आणि बोथट लोखंडी कांबीने खुंट्या ठोकून बाहेर काढायला सुरुवात केली. प्रत्येक सांध्यात बोटाएवढी जाड एक खुंटी. ती निघाली की तुळईची जीभ खांबाच्या खाचेतून अलगद सरकून बाहेर यायची. कुठे खिळा नाही, पट्टी नाही. दीडशे वर्षांच्या वाड्याची गाठ सुटायला एवढंच लागलं.

एका तुळईच्या टोकावरची धूळ त्या सुताराने तळव्याने पुसली आणि मला हाक मारली. पटाशीने पाडलेल्या तीन रेघा होत्या. ज्या खांबाच्या माथ्यावर ती बसली होती, तिथेही तीन. पुढच्या जोडीवर चार. म्हणजे हे सगळं आधी कुठेतरी जमिनीवर कापून, जुळवून, खुणा करून, मग इथे आणून उभं केलेलं होतं. मी ड्रॉइंगवर ग्रिडला ए-वन, ए-टू अशी नावं देत होते, आणि त्या माणसाने तेच काम पटाशीने केलं होतं. सगळं लाकूड ट्रकमध्ये भरून गेलं. कुणाच्या तरी फार्महाऊसमध्ये आता त्याची जेवणाची टेबलं झाली असतील. त्यानंतर तिथे उभी राहिलेली इमारत वीस वर्षांत दोनदा 'रिपेअर' झाली आहे. गॅलरीच्या खालून प्लास्टर सुटून गंजलेल्या सळ्या दिसतात.

या सांगाड्याची खुबी साधी आहे. भार भिंतीतून जात नाही. छपराचं वजन वाशांवरून आडव्या लाकडांवर येतं, तिथून कैचीवर, कैचीतून खांबावर, खांबातून उथळ्यावर, आणि उथळ्यातून जमिनीत. कैची म्हणजे त्रिकोण, आणि त्रिकोण चेपत नाही. मधोमध एक उभं लाकूड असलेली कैची आठेक मीटर पेलते, दोन उभी लाकडं असलेली बारा मीटरपर्यंत जाते. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरका आधार दिला की वाऱ्याने सांगाडा डोलत नाही. उथळ्याचं काम लाकडाला जमिनीच्या ओलीपासून तोडण्याचं. खांब मातीत पुरला तर तो कुजणारच. दगडावर ठेवला तर आमच्या वाड्यासारखा टिकतो.

वजनाचा फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. पाच इंची स्लॅबचा एक चौरस मीटर तीनशे किलोच्या वर भरतो. मंगलोरी कौलं, त्यांच्या खालच्या रिपा म्हणजे लाकडी पट्ट्या, आणि वासे मिळून तेवढ्याच जागेचं वजन सत्तर-ऐंशी किलोच्या आसपास. वर वजन कमी तर खाली पाया कमी. आणि स्लॅब मे महिन्यात दिवसभर तापून संध्याकाळी, म्हणजे नेमक्या भाजीच्या वेळेला, ती उष्णता खाली सोडतो. कौलांच्या फटींतून आणि आढ्याखालच्या झरोक्यातून गरम हवा वर निघून जाते. बेचाळीस अंशांत ओल्या गोणपाटाखाली पालक जपणाऱ्या बाईला हा फरक मी सांगायला नको.

चोवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद अशा मांडवाचा मी घरी बसून हिशेब मांडला. चार-चार मीटरवर सात कैच्या, आठ इंची चौरस खांब. कैच्या, खांब, वासे, रिपा सगळं धरून अठरा ते वीस घनमीटर लाकूड लागतं, लाकूडवाल्यांच्या भाषेत साडेसहाशे-सातशे घनफूट. खाली वाटा सोडून साठेक जणी आरामात बसतात. कुणी इंजिनिअर माझे आकडे तपासून इकडेतिकडे करील, जरूर करावेत. अंदाज यावा म्हणून दिले आहेत.

युरोपात हे बाजार शतकानुशतकं चालू आहेत. फ्रान्समध्ये पॅरिसच्या दक्षिणेला मिली-ला-फोरे या गावात १४७९ची लाकडी मंडई अजून भरते. इंग्लंडात लेडबरीचं मार्केट हाऊस १६१७ साली बांधायला घेतलं. वर खोली, खाली लाकडी खांबांमधे मोकळा बाजार. टिचफील्ड नावाच्या गावातलं तसंच एक जुनं मंडईघर पडायला आलं तेव्हा लोकांनी ते सांधे सोडवून सुटं केलं आणि एका खुल्या संग्रहालयात नेऊन पुन्हा उभं केलं. मला सगळ्यात भावते ती नॉर्मंडीतल्या सेंट पिएर सुर दीवची गोष्ट. तिथली मध्ययुगीन मंडई १९४४च्या लढाईत जळाली. युद्धानंतर, सिमेंट-पोलादाच्या ऐन भराच्या काळात, गावाने ती जुन्याच पद्धतीने परत बांधली, लाकडी खुंट्या ठोकून. त्या खुंट्यांची संख्या तीन लाखांच्या घरात सांगतात. बाजार आजही त्याच छपराखाली भरतो.

पण जळाली होती ना? बरोबर. पहिला आक्षेप तोच असतो, आणि मराठी माणसाने तर घेतलाच पाहिजे. शनिवारवाडा १८२८ साली कितीतरी दिवस जळत होता. इंदूरचा राजवाडा, ज्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, एकदा नव्हे तीनदा आगीत सापडला, शेवटी १९८४च्या दंगलीत. आमच्या दांडिया बाजारच्या फायर ब्रिगेडचे बंब पोळात, म्हणजे अरुंद गल्लीत, शिरू न शकल्याने जळालेल्या घरांच्या गोष्टी ऐकतच मी वाढले. लाकूड जळतं. याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

वाद आहे तो कसं जळतं याबद्दल. माचिसची काडी जळते आणि आठ इंची खांब जळतो यात फार अंतर आहे. जाड लाकूड बाहेरून कोळसा होत जातं आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला आगीपासून झाकतो. साधारण मिनिटाला अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या वेगाने आग आत सरकते. म्हणजे अर्ध्या तासात दोनेक सेंटीमीटर. आठ इंची खांबाचा आतला सहा-साडेसहा इंचाचा गाभा तेव्हाही भार धरून असतो. सांगाड्याचा हिशेब करतानाच चारही बाजूंनी तेवढी जाडी जास्त धरायची, हा जगभरचा शिरस्ता आहे. उघडं लोखंड मात्र साडेपाचशे-सहाशे अंशांना आपली निम्मी ताकद गमावतं आणि वाकून बसतं. ज्या पत्र्याच्या शेडला आपण 'फायरप्रूफ' समजतो, त्या शेडचे लोखंडी अँगल आगीनंतर कसे दिसतात ते आठवून पाहा.

आणि राजवाडा किंवा शनिवारवाडा यांच्यात माणसं वर अडकतात, धूर कोंडतो, एक मजला पेटला की जिन्यातून ज्वाळा वर चढतात. एकमजली, बिनभिंतीच्या मांडवात धूर कोंडायला जागा नाही आणि माणसाला बाहेर पडायला चारही दिशा मोकळ्या. खरी भीती लाकडाची नाहीच. ती आहे निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्र्यांची, उघड्या वायरींची, खोक्यांच्या ढिगांची आणि चहाच्या टपरीवरच्या गॅस सिलिंडरची. हे सगळं काँक्रीटच्या बोळातही तितकंच आहे, फक्त तिथे बाहेर पडायची वाट सहा फुटांची. तरीही मी म्हणेन की वायरिंग लोखंडी नळीतूनच जावं, पाण्याचा हायड्रंट दारात असावा, आणि दिवाळीच्या फटाक्यांचे स्टॉल या छपराखाली लागता कामा नयेत. या शेवटच्या अटीवर मी अडून बसेन.

दुसरा आक्षेप जंगलाचा. तो जास्त सात्त्विक वाटतो आणि त्यामुळे जास्त टिकतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने पर्यावरणाचं कारण देऊन १९९३ पासून आपल्या इमारतींत लाकूड वापरणं बंद केलं होतं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मंजूर योजनेबाहेरची वृक्षतोड थांबली. ते आवश्यकच होतं, त्यावेळी जंगलं बेसुमार कापली जात होती. पण सरकारी नकाशांतून लाकूड गेल्यामुळे काय झालं? दारं ॲल्युमिनियमची आणि पीव्हीसीची झाली, सुतार फर्निचरवाले झाले, आणि कॉलेजातून लाकडाचा सांगाडा शिकवणंच जवळजवळ थांबलं. २०२० साली, खुद्द पर्यावरण मंत्रालयाच्या सांगण्यावरून, त्या विभागाने बंदी उठवली. शेतात लावलेल्या झाडाला गिऱ्हाईक नसेल तर शेतकरी झाड लावणार कशाला, हा त्यामागचा साधा व्यवहार. शिवाय लाकूड म्हणजे झाडाने हवेतून ओढून घेतलेला कार्बन. एक घनमीटर लाकडात सुमारे नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड इतका कार्बन अडकून असतो, आणि लाकूड कुजेपर्यंत किंवा जळेपर्यंत तो तिथेच राहतो. सिमेंटचं उलटं. चुनखडी भाजतानाच ती हवेत वायू सोडते.

आणि एक गोष्ट आमच्या धंद्यातले लोक कधी बोलत नाहीत. स्लॅब ओततानाही लाकूड लागतंच. सेंटरिंगच्या फळ्या, बल्ल्या, प्लाय. कांडल्याच्या बंदरात न्यूझीलंडच्या पाइनचे ओंडके उतरतात, गांधीधामच्या गिरण्यांत कापले जातात, आणि त्यातलं बरंचसं लाकूड पॅकिंगची खोकी आणि सेंटरिंग होऊन चार-सहा वापरांत सरपणाला जातं. आपण लाकूड वाचवत नाही. आपण ते काँक्रीटचा साचा म्हणून वापरतो आणि फेकतो. माझी मागणी एवढीच की साचा फेकण्याऐवजी साचाच ठेवा.

कुठलं लाकूड, हा प्रश्न त्यापेक्षा जड आहे. सगळा सांगाडा सागाचा करायला गेलं तर महानगरपालिकेचं बजेट कोलमडेल. ब्रह्मदेशाने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून 'बर्मा टीक' हा शब्द सराफाच्या दुकानात जास्त शोभतो. डांगचा, राजपिपळ्याचा साग अजून आहे, पण तो ओलीजवळच्या खांबांसाठी राखावा. वासे आणि रिपा प्रक्रिया केलेल्या निलगिरीच्या किंवा पाइनच्या चालतील. लांब तुळया छोट्या फळ्या एकावर एक गोंदून करता येतात. हे तंत्र नवं नाही, जर्मनीत ऑटो हेट्झरने वाकवलेल्या गोंदी तुळईचं पेटंट १९०६ साली घेतलं, म्हणजे आपलं खंडेराव मार्केट झालं त्याच सुमारास. आणि पाडलेल्या वाड्यांचं लाकूड? ते शहराने विकत घ्यावं. दर वर्षी या शहरातून ट्रक भरभरून दोनशे वर्षं वाळलेला साग बाहेर जातो. त्याच्यासारखं सिझनिंग कुठल्याही भट्टीत होत नाही.

उधईचं आणि पुराचं थोडक्यात. उधई, म्हणजे आपली वाळवी, मातीतून वर चढते. दगडी जोतं उंच असेल, त्यात तांब्याचा पत्रा मधे घातला असेल, आणि खांबाच्या चारही बाजू डोळ्यांसमोर उघड्या असतील तर तिची माती दिसते आणि झाडता येते. प्लास्टरच्या मागे ती दिसत नाही. लाकूड टिकवण्याच्या प्रक्रियांसाठी भारतीय मानक आहे, आणि सांगाड्याच्या हिशेबासाठीही आहे, नवं काही शोधून काढायचं नाही. विश्वामित्रीचं पाणी २०२४च्या ऑगस्टमध्ये पस्तीस फुटांच्या वर गेलं तेव्हा शहरातली किती शटरं आतल्या मालासकट आणि चिखलासकट बंद होती ते आपण पाहिलं. उघड्या मांडवातून पाणी आलं तसं जातं. लाकूड भिजतं आणि वाळतं. ते सतत ओलं राहिलं तर कुजतं, एकदा भिजल्याने नाही. तरीही नदीकाठच्या अगदी सखल जागी मी असा मांडव सुचवणार नाही. मासळी-मटणाच्या बाजारालाही नाही, तिथे रोज पाण्याने धुणं आहे, तिथे फरशी आणि टाइल हवीच.

खरी अडचण यांपैकी एकही नाही. खरी अडचण टेंडरची आहे. सरकारी दर-सूचीत आरसीसीचा, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा, दर ओळीने तयार असतो, लाकडी कैचीचा दर काढायला कुणी बसत नाही. कंत्राटदाराकडे सुतार नसतो, सेंटरिंगवाला असतो. आणि लाकडी मांडवाला वरचा मजला नाही म्हणजे लिलावाला गाळे नाहीत, म्हणजे त्यात कुणालाच फारसा रस नाही. २०१४चा फेरीवाला कायदा म्हणतो की शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना जागा द्यायची, आणि त्या जागा ठरवणाऱ्या शहर समितीत चाळीस टक्के जागा त्यांच्याच प्रतिनिधींच्या, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या. त्या बायकांना नकाशा दाखवून विचारलं असतं तर माझ्या अठ्ठावीस वर्षांतले निम्मे नकाशे टेबलावरच फाटले असते.

कारागिराचा प्रश्न मात्र बडोद्याइतका सोपा दुसरीकडे कुठे नसेल. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढलं ते याच हातांसाठी. सुतारकाम, रेखांकन, रंगकाम. आज तिथे अभियांत्रिकी शिकवली जाते. तिथून थोड्याच अंतरावर संखेड्यात खरादी लोक सागावर लाखेची नक्षी चढवून झोपाळे करतात, आणि आमच्याच शहरात लक्कडपीठा नावाचा रस्ता आहे. विद्यार्थी आहेत, सुतार आहेत, लाकूड आहे. पहिला मांडव अभियांत्रिकीच्या पोरांनी आणि जुन्या सुतारांनी मिळून जमिनीवर कापावा, खुणा पाडाव्यात आणि एका रविवारी उभा करावा. एकच करा. साठ जणींचा. पाच वर्षं बघा. नाही जमला तर खुंट्या ठोकून काढा आणि दुसऱ्या वॉर्डात न्या. काँक्रीटचं मार्केट फसलं तर ते फसलेलंच उभं राहतं, माझी चार-पाच तशी आजही उभी आहेत.

गेल्या महिन्यात मी एक कच्चा नकाशा काढून माझ्या कोथिंबीरवालीला दाखवला. तिला प्लॅन वाचता येत नाही, म्हणून बाजूचं चित्रही काढलं होतं, कौलं, खांब, ओटा, सगळं. तिने ते पिशव्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून नीट पाहिलं. कौलांकडे पाहिलं नाही, कैचीकडे तर नाहीच. खांबावर बोट ठेवून म्हणाली, "थांभलामां खीली मारवा देशे ने?"

तिला खिळा हवा होता. आत्ता ती शटरच्या कडीला सुतळी बांधून पिशव्या, देवाचा फोटो आणि पावसाळ्यात ताडपत्री टांगते. गाळेवाला संध्याकाळी शटर पाडायला आला की सगळं उतरवावं लागतं. काँक्रीटच्या कॉलमवर तिने एकदा खिळा ठोकून पाहिला होता. वाकलेला खिळा अजून तिच्या गल्ल्याच्या डब्यात आहे, तिने काढून दाखवला.

नकाशात मी प्रत्येक खांबाला, पाच फुटांवर, एक खुंटी काढून दिली.